कुवेतला नेलेलं लुगडं

कुवेतहून आल्यावर माणसं पहिलं सोन्याचं विचारतात. स्वस्त आहे का, किती आणलंत. मी सोन्याच्या दुकानात गेले नाही. दुसरं विचारतात, गरमी फार होती का. मी मार्गशीर्षात गेले. तेव्हा तिथं सकाळी स्वेटर लागतो आणि नळाचं पाणी बोटं आखडवतं. वाळवंट पिवळं असतं असं मला वाटायचं. ते सिमेंटच्या रंगाचं असतं आणि त्यातल्या काटेरी झुडपांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात.

माझं शिक्षण चौथी. जे पाहिलं ते लिहिते. गोड काही नाही यात, आधीच सांगते.

निघताना

आमच्या वाडीतली बरीच बाप्ये माणसं कुवेतला अम्गऱ्याच्या कारखान्यांत आहेत. कुणी तिकडं निघालं की घराघरांतून पुडकी येतात. कुळथाचं पीठ, सुकट, आंबोशी, फणसाची साठं. माझ्या बॅगेत माझी दोन पातळं आणि औषधं, बाकी सगळं गावाचं.

पारवती पुढच्या दारानं आली नाही. मागच्या अंगानं, न्हाणीजवळ येऊन उभी राहिली, कारण तिचं घर वाळीत आहे.

ज्यांच्याकडं ही रीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. वाळीत टाकलेल्या घराशी बोलायचं नाही. आगपेटीसुद्धा द्यायची नाही, घ्यायची नाही. त्यांच्या लग्नाला नाही, मयताला नाही. शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते, ती त्यांच्या दारावरून पुढं निघून जाते. आणि जो त्यांच्याशी संबंध ठेवील त्याला दंड. दंड भरला नाही तर तोही वाळीत.

पारवतीच्या मुलानं, दत्तारामानं, देवराईला लागून बोअर मारली. गावकीनं देवाला कौल लावला होता, देवानं डावा दिला, म्हणजे नको. यानं कुवेतच्या पैशाच्या जोरावर तरीही मशीन आणली. त्या उन्हाळ्यात वाडीची विहीर खरोखरच आटली. तेव्हा दत्ताराम काही साव नव्हता. पण शिक्षा भोगायला मागं राहिल्या त्या आई, बायको सुगंधा आणि एक मुलगी. ज्यानं वाळीत टाकलं तो गावकीचा मानकरी म्हणजे माझा सख्खा दीर, माझ्या गेलेल्या नवऱ्याचा भाऊ, अनंत भावजी.

पारवतीनं पदराखालून एक गाठोडं काढलं.

"नेशील?"

"काय आहे?"

"जड नाय." ती खोकत होती. "त्याला सांग, ये. गावकीच्या पाया पड म्हणावं, बोअर बुजव म्हणावं. मी मेले तर मला उचलायला कोण हाय?"

तिच्या घरात बाप्या एकच, तो तिकडं. तिरडीला चार टोकं असतात. गाठोडं मी घेतलं. दया आली म्हणून नव्हे. आम्ही दोघी एकाच साली या वाडीत सुना होऊन आलो. माझ्या पहिल्या बाळंतपणात रात्रभर पाणी तिनं तापवलं होतं.

मंगफ

मुलगा विलास मंगफला राहतो. तेल कंपनीच्या कामावर टेक्निशियन आहे. इमारतीत खालपासून वरपर्यंत आपली माणसं, मल्याळी जास्त. लिफ्टमध्ये सकाळी खोबरेल तेलाचा वास येतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. खिडकी उघडायची नाही, धूळ येते. मी दोनदा उघडली, सुनेनं दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा मीच उघडली नाही.

तिथं सगळं जमियात मिळतं. जमिया म्हणजे सोसायटीचं मोठं दुकान. बाजूच्या भट्टीवर खुबूस मिळतो, भाकरीएवढी रोटी. बाप्ये माणसं ती कागदात गुंडाळून काखेत मारून नेतात. गरम असेपर्यंत चांगला लागतो, गार झाला की चांबडं. पापलेटाला झुबेदी म्हणतात. आपल्यापेक्षा मोठं, चवीला आपलंच बरं.

नात इरा अकरावीला आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. तिला युरोपातल्या जुन्या काळाचा धडा होता, हजार वर्षांमागच्या राजांचा आणि पाद्र्यांचा. त्यातल्या अवघड शब्दांच्या तिनं चिठ्ठ्या करून फ्रिजवर चिकटवल्या होत्या. बाईंनी सांगितलं होतं, प्रत्येक शब्द घरातल्या कुणाला तरी समजावून द्या, समोरच्याला कळला तर तुम्हाला कळला. घरात रिकामी मीच.

अहमदी

एका शनिवारी विलासनं अहमदीला नेलं. तेल कंपनीनं वसवलेलं जुनं गाव. एकमजली बंगले, कुंपणाला मेंदी, रस्त्याला झाडं. इतके दिवसांनी झाड बघितलं म्हणून मी गाडीतून उतरून एकाला हात लावला. पानांवर बोटभर धूळ.

"पूर्वी इथं गोरे साहेब राहायचे," विलास म्हणाला.

परत गाडीत बसल्यावर इरानं फ्रिजवरून बरोबर आणलेली एक चिठ्ठी काढली. मॅनर. म्हणजे मालकाचा वाडा आणि भोवतीची सगळी जमीन. त्या जमिनीवर राबणारे ते सर्फ. त्यांना जमीन सोडून जाता येत नसे. आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतात फुकट काम.

"खोत," मी म्हटलं.

"हू इज खोत?"

मग मी सांगितलं. माझे सासरे खोताचं कूळ होते. भाताची अर्धी रास त्याची. वर वेठ. त्याची फाटी फोडायची, त्याच्या घरावर पेंढा घालायचा, झाडाचा पहिला फणस त्याच्या ओटीवर नेऊन ठेवायचा. त्याच्या दारावरून जाताना वहाणा हातात.

इरा म्हणाली, "पण आजी, दॅट्स इंडिया. धिस इज युरोप."

"पाय तसेच भाजतात," मी म्हटलं.

विलास हसला. दुसरी चिठ्ठी दहाव्या हिश्श्याची होती, पिकाचा दहावा भाग देवळाला. मी म्हटलं, आमचा देव वर्गणी घेतो, दहावा हिस्सा घेत नाही. तिसऱ्या चिठ्ठीवरचा शब्द एवढा लांब होता की मी तो इराकडून लिहून घेतला. एक्सकम्युनिकेशन. पाद्री एखाद्याला धर्माबाहेर काढायचा. त्याला देवळात घ्यायचं नाही, त्याच्याबरोबर जेवायचं नाही, मेला तर पुरायला जागा द्यायची नाही. जो त्याच्याबरोबर जेवील तोही बाहेर.

"याला मराठीत काय म्हणतात?" इरानं विचारलं.

"वाळीत टाकणं."

"ओके. पण हे सगळं संपलं. थाउजंड इअर्स अगो."

विलासनं आरशातून माझ्याकडं बघितलं. त्याला ठाऊक होतं.

अम्गरा

शुक्रवारी सुट्टी. विलासनं पुडकी वाटायला अम्गऱ्याला नेलं. तासाभराचा रस्ता. अम्गरा म्हणजे भंगाराचं गाव. कापलेल्या मोटारी एकावर एक, लाकडाचे ढीग, लोखंडी सळ्या. कारखान्यामागं पत्र्याच्या छपराची खोली, तिच्यात आमच्या वाडीचे बाप्ये. दोन मजली खाटा, दोरीवर लुंग्या, भिंतीला आमच्या ग्रामदेवतेचा फोटो आणि त्याला प्लास्टिकचा हार.

सखाराम त्यांच्यातला मोठा. उठून पाया पडला. "काकी, तुमी खाटेवर बसा. आमच्या खुर्चीला तीनच पाय हायेत, चवथा मालकानं पगारात धरला."

सगळे हसले. चहा झाला. एकेकानं आपलं पुडकं घेतलं, नाकाला लावलं. एकानं साठ तिथंच तोडून तोंडात टाकलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. कोपऱ्यात मोठी शेगडी, तिच्यावर सगळ्यांचा मिळून एक टोप. दाराबाहेर, पत्र्याच्या आडोशाला, दुसरी छोटी शेगडी दिसली. एकच डेचकी, एकच ताट.

"दत्ताराम कुठं आहे?"

एकानं चहाचे कप गोळा करायला घेतले.

"सखाराम, तुला विचारते."

"काकी, त्याची शेगडी भायेर हाय. आमी त्याला मारत नाय, शिव्या देत नाय. कामावर पाना-हातोडी देतो. जेवणात घेत नाय."

"समुद्र ओलांडून आलात, विमानात हॉटेलवाल्याच्या हातचं खाल्लंत, इथं कुणाचं कोण रांधतो ठाऊक नाही. आणि दत्ताराम चालत नाही?"

"इथंबी गावकी हाय, काकी. ग्रुपवर सगळं जातं. माझी पोरगी लग्नाची हाय. उद्या माझ्या दारात पालखी थांबली नाय तर तिला कोण करील?"

ते खोटं नव्हतं. मी गाठोडं उचललं.

दत्ताराम बाहेर सापडला. निजामभाईबरोबर जेवत होता. निजाम आमच्याच जिल्ह्यातला, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला, ट्रक चालवतो. नुकताच नमाजाहून आला होता. मला बघून दोघंही उठले.

"काकी, आमच्या दोघांची एक शेगडी," निजाम म्हणाला. "याला तुमच्यांनी टाकला, मला याच्या मिठानं. मीठ कमी टाक सांगतो, ऐकत नाही."

खोलीतली माणसं दारात येऊन उभी होती. एकाच्या हातात मोबाइल. मी गाठोडं सगळ्यांसमोर दत्तारामाच्या हातात दिलं. त्यानं सोडलं. वर कुळथाचं पीठ. खाली नवं कोरं लुगडं, घडीही न मोडलेलं.

आमच्याकडं म्हाताऱ्या आपल्या मयताचं लुगडं आधीच घेऊन ठेवतात. पेटीच्या तळाला असतं, डांबराच्या गोळ्या घालून. मला ते बघताच कळलं. त्यालाही कळलं. ते घेऊनच ये, असा त्याचा अर्थ. चिठ्ठी लिहायला तिला अक्षर येत नव्हतं.

"काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"ये म्हणाली. पाया पड, बोअर बुजव. तिला उचलायला कुणी नाही."

"बोअर बुजवू? माझी पोरगी कोणाच्या विहिरीवर जाईल? येऊ देतील?"

"ते मला विचारू नकोस. तिचा निरोप होता, दिला."

"ती बरी हाय. आठ दिवसांमागं फोनवर माझ्यावर ओरडली."

"ओरडायला फुप्फुस लागतं, तेवढं आहे अजून," मी म्हटलं. "जास्त नाही."

त्यानं लुगडं परत तसंच बांधलं. रजेचं बघतो म्हणाला. तिथं देशाबाहेर जायचं तर मालकाची परवानगी लागते, ती आता मोबाइलवर येते. आली तर जायचं. इराचा तो सर्फ मला तिथं आठवला. परवानगी मागायला याची मान आधी खाली व्हायला हवी होती, आणि ती मालकापुढं होत होती, गावकीपुढं होत नव्हती.

पुन्हा मंगफ

आम्ही घरी पोचायच्या आत माझा फोटो वाडीत पोचला होता. संध्याकाळी अनंत भावजींचा फोन विलासला.

"वहिनी तिकडं जाऊन काय उद्योग करतात? आल्यावर देवापुढं नारळ ठेवायचा, चुकलं म्हणायचं आणि दंड द्यायचा. घरची म्हणून मी सोडलं तर बाकीचे मला विचारतील."

विलासनं फोन ठेवला आणि माझ्यावर चिडला. "आई, तुला काय पडलं होतं? तुला गावात राहायचंय. मी इथून काय करणार?"

इरा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं हळूच विचारलं, "सो हू इज द बिशप?"

"तुझा चुलत आजोबा," मी म्हटलं.

ती हसली नाही. फ्रिजवरची ती लांब शब्दाची चिठ्ठी काढून आपल्या खोलीत घेऊन गेली.

पुढचे काही आठवडे मी समुद्र बघितला, मॉलमधला खोटा बर्फ बघितला, गुडघा डॉक्टरला दाखवला. दत्तारामाचा एकदा फोन आला, रजा मागितली आहे म्हणाला. गावकीला फोन केलास का विचारलं तर त्यानं फोन ठेवला.

मग एका शुक्रवारी सकाळी सुगंधाचा फोन आला. पारवती पहाटे गेली.

मी विलासला म्हटलं गाडी काढ. तो पायात बूट घालत होता तेवढ्यात मी अनंत भावजींना फोन लावला.

"भावजी, पारवतीला कोण उचलणार?"

"वहिनी, हे फोनवर बोलायचे विषय नाहीत."

"मग कुठं बोलू? मी इथं, मढं तिथं."

"देवाला कौल लावतो. उजवा दिला तर माणसं पाठवतो."

"आणि डावा दिला तर?"

"देवापुढं मी कोण?"

इरानं कौल म्हणजे काय विचारलं. मी सांगितलं, गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. तिनं एक चिठ्ठी आणून दाखवली. युरोपातसुद्धा देवाला विचारायचे. माणसाच्या हातावर तापलेलं लोखंड ठेवायचे आणि जखमेला पट्टी बांधायचे. काही दिवसांनी सोडून बघायचे. भरली तर तो निर्दोष, चिघळली तर देवानं दोषी ठरवलं.

"पण आजी, जखम भरली की नाही हे प्रीस्ट ठरवायचा."

"इथं पाकळी किती ओली लावायची ते गुरव ठरवतो," मी म्हटलं.

आम्ही अम्गऱ्याला पोचलो तोवर कौल झाला होता. डावा.

दत्ताराम बाहेर उलट्या घातलेल्या डब्यावर बसला होता. निजाम बाजूला. मालकाची परवानगी आली नव्हती. शुक्रवारचा दिवस, मालक वाळवंटात तंबू ठोकून होता, फोन लागत नव्हता. आली असती तरी मढं दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला सुगंधाजवळ कोण होतं?

सुगंधानं दत्तारामाच्या मोबाइलवर व्हिडिओ फोन करून सगळं दाखवलं. अंगणात पारवती. अंगावरचं रोजचं लुगडं, खांद्याला ठिगळ. शेजारची दारं बंद. दुसऱ्या गावचा एक छोटा टेम्पो आला, विटा वाहतात तसा. सुगंधानं फोन ओटीला टेकवून ठेवला, ड्रायव्हरनं पाय धरले, सुगंधा आणि तिच्या मुलीनं खांद्यांना धरलं, तिला हौद्यात ठेवली. स्मशानापर्यंत टेम्पोनं नेली. वाटेत धक्क्यानं पारवतीचा हात बाहेर आला, तो मुलीनं परत आत घेतला. अग्नी तिनंच दिला. सुगंधा एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं लाकडं सारत होती, त्यामुळं आम्हाला अर्धा वेळ आभाळच दिसलं.

दत्ताराम रडला नाही. फोन बंद झाल्यावर काळ्या पडद्याकडं बघत राहिला. मग आत जाऊन गाठोडं घेऊन आला.

"काकी, हे न्या. इथं काय करू त्याचं?"

"तू जा. तेराव्याला पोच."

"तेराव्याला पंगतीला कोण बसणार?"

निजामनं चहा केला, तो कुणी प्यायलं नाही.

मी खोलीत गेले. जेवणाची वेळ टळून गेली होती आणि मोठ्या शेगडीवर टोप नव्हता. आमच्याकडं भावकीत मयत झालं की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. पण वाळीत टाकलेल्या घराचं सुतक धरायचं नसतं.

"आज जेवण नाही?" मी विचारलं.

सखाराम जमिनीकडं बघत म्हणाला, "ग्यास संपला, काकी."

मी सिलिंडर हलवून बघितला. भरलेला होता. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी सिलिंडर जागेवर ठेवला आणि बाहेर आले. तेवढंच त्यांच्याच्यानं झालं. दाराबाहेर येऊन दत्तारामाच्या बाजूला कुणी बसलं नाही.

परवानगी दुसऱ्या दिवशी आली. तो गेला नाही.

गाव

मी शिमग्याच्या आधी परत आले. सडकेवरून वाडीत उतरताना पारवतीचं घर आधी लागतं. गुडघे दुखत होते, ओटीवर बसले. सुगंधानं पाणी आणलं, मी प्यायले. समोरच्या घरातून दोघी बघत होत्या, त्यांना बघू दिलं. सुगंधाला लुगडं दिलं तर तिनं हात मागं घेतले.

"मला नको. आता कुणाला नेसवू?"

म्हणून ते माझ्या पेटीत आहे.

त्याच संध्याकाळी अनंत भावजी आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलले. नारळ ठेवा, चुकलं म्हणा, वहिनी, म्हणजे मिटलं. मी आठवून बघितलं. पुडकं नेलं, फोन केला, पाणी प्यायले. यात चुकलेलं मला काही सापडलं नाही. तसं त्यांना सांगितलं. घरात नारळ होता, त्याची दुसऱ्या दिवशी सोलकढी केली.

शिमग्यात ढोल वाजत आले. मी अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती, आमच्या लग्नापासून काढत आले तशी. पालखी पारवतीच्या दारावरून पुढं गेली, मग माझ्या दारावरून पुढं गेली. वाहणाऱ्यांत माझे दोन पुतणे होते. धाकटा खाली बघत होता, थोरला सरळ पुढं.

विलासला ग्रुपवरून कळलं. फोनवर म्हणाला, "आई, एका शब्दाचा प्रश्न आहे. चुकलं म्हण ना. उद्या तुला काही झालं तर?"

"तर काय?"

"मला यायला परवानगी, तिकीट. एक दिवस तरी जातो. तोवर तुला कोण..."

मी म्हटलं, "पेटीत लुगडं आहे. त्याची काळजी नाही. उचलायचं तेवढं बघ."

मागून इराचा आवाज आला, मराठीत. "आजी, मी येईन."

मला उचलायला येशील का, असं दत्तारामाला मी विचारलं होतं. तो येतो म्हणाला आहे. इरा धरून तिरडीची दोन टोकं झाली. अजून दोघं लागतील.